शोकेसमधला संसार

प्रिय ब्रशबहाद्दर,

आता तुला साहेब म्हणायला हवं, तुझ्या ऑफिसात सगळे म्हणतात, पण माझी जीभ वळत नाही. तुझी ती जाड, गुळगुळीत फाईल मागच्या आठवड्यात दुकानाच्या नव्या मालकीणबाईंनी माझ्या हातात ठेवली. मी तेव्हा शोकेसमध्ये, पायात मोजे आणि तोंडात टाचण्या अशा अवतारात उभी होते. तशीच उभ्या उभ्या पानं उलटली. कपड्यांचे पुतळे काढायचे, लाकडी कट्टा तोडायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक भलामोठा स्क्रीन लावायचा. त्यावर पोरी केस उडवत चालणार आणि मधूनमधून डिस्काउंटचा आकडा चमकणार. इथवर मी गप्प वाचलं. शेवटच्या पानावर मात्र तू लिहिलंयस, ‘सध्याची सजावट जुनाट. सर्जनशीलतेचा अभाव.’ टाचणी गिळता गिळता राहिले.

हे तुझ्या हाताखालच्या कुणा पोरासोराने लिहिलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घालून पाहिली. पण खाली सही तुझी आहे. शिवाय संध्याकाळी तुझा फोन आलाच. राग मानू नकोस म्हणालास, काळ बदलला म्हणालास, माझ्याकडे सल्लागार म्हणून ये, खुर्चीत बस, गुडघ्यांना आराम मिळेल म्हणालास. मी हं हं करून फोन ठेवला, कारण मला राग आला की नेमकं रडू फुटतं, आणि ते मी तुला ऐकवणार नव्हते. लिहिताना मला रडू येत नाही. तेव्हा आता नीट वाच, आणि अर्ध्यात ठेवून चहाला उठू नकोस.

त्या निखळलेल्या हाताची गोष्ट तू म्हणे अजून लोकांना सांगतोस, आणि ‘आम्ही एक प्रयोग केला होता’ अशी सुरुवात करतोस. कसला डोंबलाचा प्रयोग! ती माझी घाई होती. तू मागे रेल्वे स्टेशनचा पडदा रंगवला होतास, रंग ओला होता, आणि मी पुतळ्याला कोट चढवताना त्याचा डावा हात खांद्यातून निखळून माझ्याच हातात आला. शटर वर गेलेलं, बाहेर माणसं, आणि स्क्रू तुटलेला. मी कोट त्याच्या खांद्यांवर नुसता पांघरला आणि हात कुठे लपवावा ते न सुचून बाईच्या पुतळ्याच्या खांद्यावर ठेवून दिला, मागून पडद्याआडून कुणीतरी तिला थांबवतंय असा. दुपारपर्यंत काचेसमोर ही गर्दी! हात कुणाचा यावर वाद. एक आजी तर छातीठोकपणे म्हणाल्या, सासूचा, दुसऱ्या कुणाचा असणार! तेव्हाचे म्हातारे मालक माझ्यावर ओरडायला म्हणून बाहेर आले आणि त्या घोळक्यात उभे राहून स्वतःच वाद घालू लागले. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा आले, उत्तर मागायला. उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते मला रात्रीच्या भाकरी थापताना शोधावं लागलं, आणि तिथून तो संसार सुरू झाला.

मग गल्लीनेच त्यांना भाऊसाहेब आणि वहिनी केलं. दर सोमवारी कपडे बदलायचे तेव्हा त्यांच्या घरातलंही काहीतरी पुढे सरकायचं. वहिनींनी केस कापले, भाऊसाहेब रुसले. भाऊसाहेबांनी छत्री हरवली, वहिनींनी पाठ फिरवली. भाजी घेऊन घरी जाणाऱ्या बायका काचेवर टकटक करून मला सल्ले द्यायच्या, तिला चार दिवस माहेरी पाठव, मग बघ कसा सुतासारखा सरळ येतो. बँकेतला एक कारकून रोज डबा खाऊन झाल्यावर येऊन उभा राहायचा आणि भाऊसाहेबांची बाजू घ्यायचा. त्याची बायको त्याला सोडून गेली होती हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्यानंतर मी भाऊसाहेबांना थोडं सांभाळून घेऊ लागले.

तू ज्याला सर्जनशीलता म्हणतोस त्याचं काय ते मला माहीत नाही. तुझ्या ऑफिसात त्यासाठी वेगळी खोली आहे, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवता, असं तूच सांगितलं होतंस. मला एवढंच ठाऊक आहे की मला सुचतं. भांडी घासताना सुचतं, डॉक्टरकडे नंबर लावून बसले की सुचतं. हात शिवशिवतात, आणि मग शेजारची बाई काय बोलतेय ते मला ऐकू येत नाही. बहीण म्हणते, तुला चार ताटं मांडायला सांगितली तरी तू त्यांचं काहीतरी करून ठेवतेस. ठेवतेच. मी उरलेल्या बटणांची माळ करते, फाटलेल्या उशीला खिसा शिवते, भाचीबरोबर जिन्याच्या पायऱ्यांना नावं देते आणि मग जी पायरी वाईट वागते तिच्यावर आम्ही दोघी पाय देत नाही. याने जगाचं काही भलं होत नाही, पण माझं होतं. तो दिवस मी नुसता ढकललेला नसतो. आणि हे मी कुणाला दाखवायला करत नाही, त्यामुळे त्याचा अभाव आहे की नाही हे तू शेवटच्या पानावर ठरवू शकत नाहीस.

तू गेलास त्या सोमवारचं आता सांगते, इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. मोठ्या कंपनीत दोघांना जागा आहे, चल, असं तू म्हणाला होतास. दोघांना म्हणताना तू माझ्याकडे न बघता ब्रश धूत होतास. बघितलं असतंस तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक. पण तू पुढे म्हणालास की या बाहुल्यांच्या खेळात आयुष्य घालवू नकोस, आणि माझं उत्तर तिथेच ठरलं. त्या आठवड्यात मी भाऊसाहेबांचं तोंड भिंतीकडे केलं, आणि पूर्ण हिवाळा ते तसेच उभे राहिले. लोक चिठ्ठ्या सरकवायचे, पुरे आता, वळवा त्यांना. तू एकदा गावात आलास तेव्हा काचेसमोर थांबून म्हणालास, वा, कोटाची मागची शिलाई छान दिसते. मूर्खा.

तू गेल्यावर मागे पडदे रंगवणारं कुणी राहिलं नाही. मालकांना वाटलं आता संपलं. मी निळ्या चादरी इस्त्री न करता तशाच चुरगळलेल्या टांगल्या आणि लोक म्हणाले, अरे, समुद्र! खोक्यांचं मी स्टेशन केलं, हँगरचं जंगल केलं. तुझ्यापेक्षा छान केलं असं नाही म्हणणार, तुझ्या हाताला रंगाची जी समज होती ती मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. ती कुठे गेली रे? तुझ्या फाईलमधल्या त्या पोरी जगातल्या कुठल्याही दुकानात चालू शकतात. एकीच्याही घरी काय चाललंय ते मला कळेना.

तुझ्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंशी बोलायला गेले. तू समजतोस तशी ती पोर वाईट नाही. तिने मला बसवलं आणि सरळ सांगितलं, मावशी, लोक तुमची काच बघायला थांबतात, हसतात, आणि पुढे जातात, आत कुणी येत नाही. खोटं कशाला बोलू, ते खरं आहे. त्या कारकुनाने आजवर एक रुमालही घेतला नसेल. दुकान तिचं आहे, तोटाही तिचा आहे, तेव्हा तिने स्क्रीन लावावा. पण त्याच्याखाली खुर्ची टाकून बसणं माझ्याच्याने व्हायचं नाही, आणि तुझ्या ऑफिसातल्या खुर्चीत तर नाहीच नाही. मी नोकरी सोडली. पुतळ्यांचं काय करणार विचारलं तर म्हणाली, भंगारात. मग मला द्या, म्हटलं. हातगाडीवरून मी त्यांना घरी आणलं तेव्हा आमच्या बिल्डिंगमधले सगळे खिडक्यांत. बहिणीने दार उघडलं, बघितलं, आणि म्हणाली, पाहुणे जेवणार आहेत का?

संध्याकाळी दारात नळवाला उभा. तू गेल्यावर गल्लीत आला तो, पाइप आणि नळांचं दुकान आहे त्याचं, माणूस असा की गिऱ्हाइकाला नळ विकतानासुद्धा उपकार केल्यासारखं तोंड करतो. गेली कित्येक वर्षं त्याच्या तोंडून मी नमस्कारसुद्धा ऐकला नव्हता. घसा खाकरून म्हणाला, शेवटच्या सोमवारी वहिनी सायकल घेऊन निघाल्या होत्या, त्या परत आल्या का? मी म्हटलं, अजून नाही. तर म्हणाला, हे असं अधांतरी ठेवून चालणार नाही, माझ्या दुकानाची काच घ्या, धुवून घ्या म्हणजे झालं, फक्त माझे नळ त्यात दिसले पाहिजेत. पगाराचं नाव त्याने काढलं नाही, तेवढी अपेक्षा मीही ठेवली नाही. चष्मेवाला आणि औषधाच्या दुकानातल्या बाई दोघांनी काम देऊ केलंय, पोटापुरतं भागेल. नाही भागलं तर कपडे शिवेन. आणि तुला काय सांगू, नळ! दुसऱ्याच रात्री भाऊसाहेबांच्या स्वयंपाकघरात गळती सुरू झाली माझ्या डोक्यात. वहिनी सायकलवरून उतरल्यात, बाह्या सारल्यात, हातात पाना, आणि भाऊसाहेब बादली धरून मूर्खासारखे उभे. मी अंथरुणात उठून बसले आणि एकटीच हसले. पंचावन्नाव्या वर्षी माणसाला यापरतं काय हवं असतं ते तुझ्या कंपनीला विचारून सांग.

तर हे पत्र तुझी नोकरी नाकारण्यासाठी नाही, ते तू फोनवरच्या माझ्या हं हं वरून ओळखायला हवं होतंस. हे आमंत्रण आहे. तुझ्या स्क्रीनचं उद्घाटन पहिल्या तारखेला सकाळी आहे असं कळलं. नळवाल्याचं दुकान त्याच्या बरोब्बर समोर आहे, मधे फक्त रस्ता. माझ्या काचेवर आता आतून कागद लावलेत, ते मी त्याच सकाळी, त्याच वेळी काढणार आहे. तू ये. कोट घालून ये, फीत काप, टाळ्या घे. मग त्या रस्त्याच्या मधोमध उभा राहा. एकीकडे बघायचं तर दुसरीकडे पाठ करावीच लागेल. तू कुणीकडे पाठ करतोस ते मी तोंडात टाचण्या धरून आतून बघणार आहे.

तुझीच,
पण रस्त्याच्या या बाजूची