चार मिनिटं दहा सेकंद उजेड

आत्या,

नमस्कार. तुझा गुडघा बरा असेल असं धरून चालते; नसेल तर किती अंशांपर्यंत वाकतो ते उत्तरात लिही, 'ठीक आहे' एवढ्याने मला काही कळत नाही. घरी सगळे ठणठणीत. बाबांच्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. आधी घडलं तेवढंच लिहिते, शेरे नंतर.

१. रविवारी दुपारी चार वाजता नाटक सुरू झालं.
२. पाच अडतीसला ते संपायला हवं होतं.
३. संपलं नाही.
४. त्या वेळी रंगमंचावर बाबा एकटे होते आणि लाइटचं बटण माझ्याकडे होतं.
५. चार मिनिटं दहा सेकंदांनी दिग्दर्शकांनी पडदा हाताने खाली ओढला.
६. तो मध्येच अडकला. कुणाला इजा नाही.

नाटक नवं आहे. बाबांच्या हौशी मंडळातल्या ग्रंथपालांनी लिहिलंय. त्यातल्या मुलीला परगावच्या नोकरीचं पत्र येतं आणि बाप ते घड्याळाच्या पेटीत लपवतो. अकरा वर्षांनी पत्र सापडतं, मुलगी घर सोडून जाते, आणि एकटा उरलेला बाप म्हणतो, "मी फक्त घर सांभाळलं." या वाक्यावर अंधार. (बाबांना हे काम का दिलं, असं तू विचारशील. दोन वर्षांपूर्वी तू नव्या प्रयोगशाळेत निघालीस तेव्हा निरोपाच्या जेवणाला त्यांनी बारा माणसांसमोर जे म्हटलं, "या वयात कसली नवी नोकरी, तीन महिन्यांत परत येशील," ते मंडळात कुणाला ठाऊक नाही. ते वाक्य मी इथे लिहिणार नव्हते. लिहिलं गेलं.)

गेले दोन महिने आमच्याकडे जेवताना एकच विषय: हा बाप शोकांतिकेचा नायक आहे की नाही? बाबा म्हणतात, आहे. माणूस मोठा, माया खरी, चूक एकच, आणि त्या एका चुकीपायी घराची राखरांगोळी. आणखी काय हवं? मी म्हणते, नाही. मी दिवसभर दाबमापकं तपासते. काटा चुकीचा आकडा दाखवायला लागला तर आम्ही त्याला शोकांतिका म्हणत नाही, नापास म्हणतो. नायक व्हायचं तर चूक स्वतःला दिसली पाहिजे, आणि हा गृहस्थ शेवटपर्यंत घरच सांभाळतोय. "मोजपट्टी," बाबा म्हणाले (हल्ली मला हीच हाक असते, कौतुकाने नव्हे), "बापाला नापास करतेस होय?" मी म्हटलं, पात्राला. त्यावर ते म्हणाले, "पाणी दे."

आता रविवार. लाइटच्या कामात माझा नियम एकच: ठरलेलं वाक्य कानावर पडल्याशिवाय बटण दाबायचं नाही, मग नट अडखळो, घसरो की झोपी जावो. डेंटिस्ट बाई दार आपटून गेल्या. (मुलीचं काम त्यांचं. तोंड उघडं ठेवून गप्प बसलेल्या माणसाला सुनावायची रोजची सवय, त्यामुळे भांडण छान वठतं.) बाबांनी पेटी बंद केली, तोंड उघडलं, आणि मिटलं. हे वाक्य ते रोज दाढी करताना म्हणतात. शेजारच्या काकूंनासुद्धा पाठ आहे. मी थांबले. बाबांनी वर, लाइटच्या खोलीतल्या माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग त्यांनी कामं काढली. चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली (दुसऱ्यांदा कडा जुळल्या). घड्याळाला किल्ली दिली. घड्याळ पुठ्ठ्याचं, किल्ली हातात आली, ती खिशात टाकली. विंगेत दिग्दर्शक गळ्यावरून बोट फिरवत होते. गळा माझा की बाबांचा, ते कळायला मार्ग नव्हता. प्रेक्षक शांत. आधुनिक नाटक असंच असतं, अशी त्यांची समजूत असावी.

शेवटी बाबा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "धाकटे, पत्र लपवायची माझ्यात धमक नव्हती, म्हणून तोंड सोडलं. तू जाऊ नयेस, एवढंच होतं मनात. गेलीस ते बरं केलंस. चुकलो मी."

नाटकातल्या बापाला बहीण नाही. आणि 'धाकटे' ही हाक बाबांनी तुझ्याशिवाय कुणाला मारलेली मी ऐकलेली नाही.

पडदा अडकला तो असा की खाली फक्त बाबांचे पाय दिसत होते. त्या पायांना लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत ग्रंथपाल तणतणत आले, "अहो, ही बहीण कुठून आणलीत?" बाबा म्हणाले, "कुणी प्रेक्षकाने विचारलं?" "नाही." "मग तुम्हाला कसली घाई?"

घरी येताना बाबा म्हणाले, "लाइट का घालवला नाहीस?"

"तुम्ही वाक्य म्हटलं नाहीत."

"विसरलो."

"बरं."

सोमवारी सकाळी मात्र चहा ओतता ओतता म्हणाले, "आता दिसली ना त्याला चूक? झाला नायक?" मी म्हटलं, अर्धा. शोकांतिकेत चूक दिसते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. त्यांनी जरा विचार केला, आणि मग दोघांच्या कपांत आणखी थोडा थोडा चहा ओतला. आमचं बरं चाललंय.

तुझी भाची

ता. क. नियमाबद्दल वर लिहिलं ते पुरेसं अचूक नाही. तालमीत नट वाक्य विसरले तेव्हा मी पाच वेळा आपणहून अंधार केला आहे. रविवारी मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते.

ता. क. २. हे पत्र बाबांना माहीत नाही. दुसरा प्रयोग येत्या रविवारी, दुपारी चारला. ग्रंथपालांना मूळ वाक्य हवंय; बाबा नुसतं "बघू" म्हणतात. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची मी धरून ठेवली आहे. वेळ निघून गेली की नाही, हे बाबांना ठरवता येत नाही आणि मला मोजता येत नाही. ते तुझ्याकडे आहे. येणार की नाही ते गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळव. येणार नसलीस तरी कळव.