सोलांचा लाल रंग

गुरुवार, ९ एप्रिल. बेळगावचा दवाखाना.

सुमीच्या आतड्यातल्या रक्ताच्या नळ्या सुजल्यात आणि त्यांतनं रक्त झिरपतंय, असं डॉक्टर म्हणाले. नऊ वर्षांची पोर माझी! नळ्या पण सुजतात? मला कुठं ठाऊक!

आठ दिवसांमागं तिच्या नडग्यांवर जांभळे ठिपके आले. रानात गोचीड चावली असंल म्हणून मी करंजाचं तेल चोळलं. मग पोट दुखायला लागलं, तर कोकमाच्या सोलांचं सार पाजलं. आमच्या कुंभारवाड्यात सगळ्याच पाजतात. परसाकडं लाल व्हायला लागलं. म्हटलं, सोलांचा रंग.

आज डॉक्टरांनी चादर सारून तेच ठिपके दाखवले. "आक्का, पायावर दिसतंय तेच आत आतड्यात झालंय. आजार एकच. औषध चालू केलंय. पण रक्त कधीपासून जातंय?"

"कालपासनं," मी म्हटलं.

खोटं बोलले. सोमवारीच सुमी परसाकडनं येऊन म्हणाली होती, "आये, आज सार न्हाई प्यालं, तरी लालच हाय."

मी भाकरी थापत होते. वर न बघताच म्हटलं, "कालचं असंल."