मँडोलिनचा आगाऊपणा

बसवनगुडी, बेंगळूर
१४ जून १९९४

चि. व्यंकोजीस अ. उ. आ.

कॅसेट कंपनीला तू लिहिलेलं पत्र सुधींद्रनं दाखवलं आणि सकाळची कॉफी कडू झाली. आईच्या ओव्यांना गिटार-मँडोलिन लावून तुम्ही केलेली एल.पी. इतक्या वर्षांनी पुन्हा निघते आहे. आनंद मानायचा सोडून तू अट घालतोस की सुधींद्रचं मँडोलिन काढून टाका! तो आपला मावसभाऊ आहे रे, कोपऱ्यातलं जळमट नव्हे.

तुम्ही दोघं चड्डीत होतात तेव्हापासून भांडता आहात. रेकॉर्डिंगला तर एकमेकांचं तोंड नको म्हणून पाठीला पाठ लावून बसलात. पण रेकॉर्ड काय झाली आहे! तुझी गिटार हट्टी बैलासारखी पुढे ओढते, सुधींद्र मागून अडवतो, आणि मधून आईची ओवी ताठ मानेनं चालते. कॉन्व्हेंटच्या क्वायरमध्ये सिस्टरांनी आम्हाला एका सुरात, गोड गायला शिकवलं. त्यातलं एकही गाणं आज आठवत नाही.

आईच्या ओव्या आता दुसरीकडे कुठेही उरलेल्या नाहीत. अट मागे घे.

माझा लोभ आहेच. सध्या तो रागावलेला आहे, एवढंच.
वसुमतीअक्का

धारवाड
२० जून १९९४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तू मला अजून शाळकरीच समजतेस. दुसऱ्या ओवीत मी गाता गाता मध्येच थांबतो. ती शांतता मी आईकडून उचलली. नेमकी तिथेच सुधींद्रनं मँडोलिनची घरघर घुसडली. हा आगाऊपणा मी पुन्हा निघू देणार नाही.

आशीर्वाद असू द्यावेत, बोलणी स्वल्प कमी.
व्यंकोजी

बसवनगुडी
२५ जून १९९४

चि. व्यंकोजीस आशीर्वाद, अर्धेच.

शांतता म्हणे! तू पहाटे अंथरुणात लोळत ओव्या ऐकल्यास. जात्यापाशी आईसमोर खुंटा धरून मी बसत होते. आई मध्येच थांबायची ती जात्यात मूठभर रागी टाकायला. गाणं थांबायचं, जातं नाही. ते मी फिरवत असे. सुधींद्र सुट्टीत आला की दाराशी बसून हे बघायचा आणि त्यानं तेच वाजवलं आहे. मी विचारल्यावर म्हणाला की तुला तेव्हाच सांगितलं होतं, पण तू ओरडत होतास. तोही ओरडतच सांगत असणार.

तर ती घरघर मी आहे. आईच्या ओवीतून मला काढणारा तू कोण?

उत्तर येईपर्यंत लोभ राखून ठेवला आहे.
अक्का

धारवाड
१ जुलै १९९४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

रेकॉर्ड पुन्हा लावली. त्या जागी आईचा हात दिसला, मूठ मिटलेला. काहीही काढू नका, असं कंपनीला कळवलं आहे.

सुधींद्रला मात्र सांग की त्याच्या मँडोलिनची एक तार उतरली होती. ती उतरलीच होती.

तुझा,
व्यंकोजी