हॉलमधला जाळ

४ नोव्हेंबर, मंगळवार
सागरनं आज हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर कोळशानं चौकट आखली. माझ्या छातीएवढी उंच. वास्तुशांत होऊन किती दिवस झालेत? रंगाचा वास अजून जात नाही आणि भिंत फोडायची. मी म्हटलं, बाळा, अख्ख्या वाटूर गावात कोणाच्या घरात अशी शेकोटी आहे का? तो म्हणाला, "दादांसाठी आहे, आई." बापाला तो दादाच म्हणतो.

ह्यांना उन्हाळ्यात झटका आल्ता. उजवा हात, उजवा पाय गेला. आता काठी धरून पाय ओढत चालतात, पण त्या पायाला काही कळत नाही. टाचणी टोचली तरी नाही. बोलणंही गेल्यात जमा. हो, न्हाई, पाणी, आणि माझं नाव, सुमे. बास. सगळी नोकरी सरकारी बसवर ड्रायव्हर म्हणून केली, अख्खा रस्ता कंडक्टरशी गप्पा मारत जायचे.

आणि सारखी थंडी वाजते. भर दुपारी शाल ओढून बसतात. सागरनं मोबाईलवर त्यांना कुणाच्या तरी घरातली शेकोटी दाखवली, तेव्हा हे हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. तेवढ्यावर सगळं ठरलं.

मला भीती आहे ती पायाची. कोणाला बोलले नाही. इथं लिहिते.

९ नोव्हें., रविवार
युनूस मिस्त्री आले. हे घर त्यांनीच बांधलंय. त्यांनी सरळ सांगितलं, चुली बांधल्या, हॉटेलची भट्टी बांधली, दिवाणखान्यात असं काही बांधलं नाही. सागर म्हणाला आपण मिळून शिकू. तो जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात आहे, तिथून भट्टीच्या विटा आणणार. आगीनं फुटत नाहीत म्हणे. धुराडं स्लॅबमधून वर काढायचं.

म्हणजे नवा स्लॅब कापायचा. मी विचारलं, खाली येणार नाही ना? मिस्त्री म्हणाले बीमला हात लावत नाही. दोघं कागदावर काहीबाही आखून राह्यले होते. हे मधे खुर्चीत. एकदा माझ्याकडं पाहून मान हलवली, होऊ दे म्हणून.

१३ नोव्हें., गुरुवार
अंगणवाडीत कामाला जाते, तिथं आज सुट्टी टाकली. ह्यांना एकट्यांना कटरच्या आवाजात कसं ठेवू? सगळं घर थरथरत होतं. ताटं मांडणीवरून सरकून खाली आली. मी ह्यांचा हात धरून स्वयंपाकघरात बसले. त्यांना काही वाटत नव्हतं, माझाच हात गार पडला होता.

मंग एकदम उजेड. हॉलच्या छताला भोक, वर आभाळ. हे उठून हळूहळू तिथं गेले आणि मान वर करून किती वेळ बघत राह्यले. मला वाटलं तोल जाईल. मागं उभी राह्यले, दोन्ही हात पुढं करून.

भोकाजवळ एक बारीक भेग दिसते. मिस्त्री म्हणतात प्लास्टरची आहे. असेल.

२१ नोव्हें., शुक्रवार
झालं बांधून. समोरून काळा दगड, वर फळीसारखी ग्रेनाइटची लादी. दिसतं छान, खोटं कशाला बोलू. शेजारच्या काकू बघायला आल्या. त्यांना वाटलं देवघर आहे, चप्पल काढून नमस्कार केला. सागर हसून बेजार. मीपण हसले. आत वाकून पाहिलं तर काळोख. तोंड आ करून बसल्यासारखं वाटलं. उगाच वाटलं.

२३ नोव्हें., रविवार
पहिला जाळ. सागरनं कापसाच्या पऱ्हाट्या रचल्या, वर बाभळीचं लाकूड. पेटलं आणि सगळा धूर घरात. वर जायच्या ऐवजी हॉलमधे. डोळ्यापुढं हात दिसेना. खोकताखोकता मी दार उघडलं, बाहेर पडले, आणि मंग ध्यानात आलं की हे आतच आहेत. धुरात काठी सापडली नव्हती, खुर्चीतून उठता येत नव्हतं. आवाजही येत नव्हता. सागरनं उचलून आणलं.

अंगणात बसवलं, तोंड धुतलं. हे माझ्याकडं बघून हसून राह्यलेत. मला मात्र थांबवेना, रडलेच. सागरला म्हटलं, बंद कर हे सगळं. तो म्हणाला धुराडं बुटकं पडलं, वाढवू.

मी आधी बाहेर पळाले. हे मनातून जात नाही.

२७ नोव्हें., गुरुवार
धुराडं वाढवलं. मिस्त्रींनी आज स्वतः पेटवून दाखवलं. धूर सरळ वर. लाकूड नीट धरलं. मी ह्यांची खुर्ची भिंतीपासून चांगली लांब ठेवली होती, हे डाव्या पायानं रेटून रेटून पुढं सरकले. मी मागं ओढली. परत पुढं.

मिस्त्री चहा पीत होते. तेवढ्यात हे बोलले.
"मेंढ्या... आत घ्या."
मला आधी कळलंच नाही कोण बोललं. मिस्त्रींनी कप खाली ठेवला. परत म्हणाले, "मेंढ्या आत घ्या, थंडी पडली."

सागरला लगेच फोन केला. तो म्हणाला, "मी म्हणलं नव्हतं का आई."

२ डिसेंबर, मंगळवार
रोज संध्याकाळी जाळ करते. रोज बोलतात. तुटक बोलतात, शब्द शोधतात, पण सापडतो. आज सांगितलं, लहानपणी कळप घेऊन गोदावरीकडं जायचे, रात्री मेंढ्यांभोवती जाळी लावायची, मधे शेकोटी, आणि आई त्यांना आगीच्या बाजूला झोपवून स्वतः वाऱ्याच्या बाजूला झोपायची. एवढी वर्षं संसार झाला, हे मला कधी सांगितलं नव्हतं. बसवरचे किस्से सांगायचे, आईचं नाही.

सकाळी विझलेल्या राखेपुढं बसवलं तर एक शब्द नाही. जाळ पाहिजे.

मला आनंद व्हायला पाहिजे. होतो पण. मंग नजर पायाकडं जाते.

१० डिसें., बुधवार
उजव्या चपलेची कड वितळून वळली आहे. विचारलं, कधी झालं? त्यांना माहीत नाही. पाय पाहिला, ठीक आहे. बोटं एकेक मोजल्यासारखी चाचपली.

सागरनं कारखान्यात लोखंडी जाळी करून आणली, जाळापुढं उभी करायला. जड आहे. मी अंगणवाडीत जाते तेवढा वेळ हे एकटे असतात. गॅसजवळची काडेपेटी पिठाच्या डब्यामागं ठेवली. सांगितलं, मी आल्याशिवाय पेटवायचं नाही. "बराबर," म्हणाले. लहान पोराशी बोलल्यासारखं बोलले मी. त्यांना ते कळलं.

१४ डिसें., रविवार
थंडी वाढली. सागर-सूनबाई आले होते. जेवणं हॉलमधेच, जाळापुढं. ह्यांनी सूनबाईला पूर्ण वाक्य ऐकवलं, "घाटात गाडी कधी न्यूट्रल करायची नसती." सगळे हसलो. घर आता घरासारखं वाटतं. अंगणवाडीत मात्र मन लागत नाही. मुलं भात खात असतात आणि मी दाराकडं बघते.

१७ डिसें., बुधवार
आज लिहायचं नव्हतं. लिहिते तरी.

दुपारी आले तर धुराड्यातून धूर. पळत आत गेले. हे खुर्चीत, डोळा लागलेला. जाळी बाजूला केलेली. उजवा पाय सरळ आत निखाऱ्यांच्या काठावर. मोजा पायाला चिकटला होता. वास. तो वास मी इथं लिहीत नाही.

ओढलं त्यांना. पाणी ओतलं. ते जागे झाले आणि म्हणाले, "काय झालं, सुमे?"
मी म्हटलं, पाय भाजला.
त्यांनी पायाकडं पाहिलं. दुसऱ्या कोणाचा असावा तसं. "न्हाई. मला तर थंडच लागून राह्यलंय."

देवाजवळची काडेपेटी. ती मी हलवली नव्हती. निरांजनाशेजारीच असते, तिचा विचारच आला नाही. डाव्या हातानं कशी ओढली असेल काडी.

मिस्त्री रिक्षा घेऊन आले. परतूरला पट्टी करून जालन्याला पाठवलं. सागर दवाखान्याच्या दारात उभा होता.

१८ डिसें., गुरुवार
जालना. डॉक्टर म्हणाले जखम खोल आहे, शुगर पण आहे, बोटांचं आत्ता सांगता येत नाही. त्यांनी विचारलं शेकोटी घरात कशी. मीच सांगितलं, बांधून घेतली म्हणून.

मंग जिन्यात सागर म्हणाला, "मी बुजवून टाकतो ते. माझ्यामुळं झालं." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तुझ्यामुळं नाही म्हणायला पाहिजे होतं. शब्द आला नाही. त्याच्या बापासारखंच झालं माझं.

२२ डिसें., सोमवार
घरी आणलं. पट्टी मीच करते, एक दिवसाआड. ह्यांनी पूर्ण बोलणं टाकलंय. हो नाही, न्हाई नाही. पाणीसुद्धा खुणेनं. मी शेकोटीपुढं चादर लावून टाकली, तरी त्याच भिंतीकडं तोंड करून बसतात. हीटर आणला सागरनं. त्याच्याकडं बघत पण नाहीत.

साध्या विटा आल्या. अंगणात रचून ठेवल्या आहेत. रविवारी मिस्त्री येऊन शेकोटीचं तोंड बंद करणार.

सगळ्या काडेपेट्या गोळा करून पाण्यात घातल्या. संध्याकाळी देवापुढं दिवा लावायला शेजारून आणावी लागली.

२७ डिसें., शनिवार
पट्टी सोडली तर करंगळी आणि शेजारचं बोट काळसर. परवाच्या पट्टीला एवढं नव्हतं. का होतं? फोटो काढून सागरला पाठवला, त्यानं डॉक्टरांना. सोमवारी या म्हणाले. तेव्हा ठरवू म्हणाले. काय ठरवू ते सागरनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

नवी पट्टी गुंडाळत होते, खाली मान घालून, चेहरा दिसू नये म्हणून. तेवढ्यात माझ्या डोक्यावर हात आला. डावा.

"सुमे. बुजवू नको."

इतक्या दिवसांत पहिलं बोलणं. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. अंगणातल्या विटा दिसत असणार खिडकीतून. मी वर पाहिलं. ते पायाकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते, आणि पुढचा शब्द शोधून राह्यले होते. ओठ हलले. सापडला नाही. मंग डोळ्यातून पाणी आलं, तेही त्यांनी डाव्या हातानंच पुसलं.

मी गाठ मारली, पाय उशीवर ठेवला. हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही.

आत्ता मिस्त्रींचा फोन आल्ता. सकाळी लवकर येऊ का, सिमेंट भिजवायचं म्हणून. मी म्हटलं, विचारून सांगते.

कोणाला विचारणार आहे मी