शाडूचं पाणी आणि तळमजल्याची मोरी

बाबा,

आपल्या चाळीची मागची लाइन गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत एकदाही तुंबली नाही. तुम्ही असता तर हे ऐकून आधी नुसतं ‘बघू’ म्हणाला असता, आणि मग बॅटरी घेऊन घरगल्लीत उतरून चेंबरचं झाकण उचलून खात्री केली असती. काल मीही तेच केलं. दोन चाळींच्या मधल्या त्या चिंचोळ्या बोळात नाकाला ओढणी लावून उभी राहिले आणि पाणी अडथळ्याशिवाय वाहताना बघून चक्क खूश झाले. पन्नाशी उलटलेली बाई सांडपाण्याकडे बघून हसते आहे, हे वरच्या गॅलरीतून कुणी पाहिलं असतं तर माझ्या डोक्याची काळजी केली असती. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. आज लिहायला बसले कारण मागच्या वर्षी जे घडलं ते तुमच्या धंद्यातलं आहे, आणि त्यातलं थोडं असं आहे की दुसऱ्या कुणाला सांगायला जीभ रेटत नाही.

तुमचा धंदा म्हणते खरी, पण मला तो कधी आवडला नव्हता. गिरणी बंद पडली तेव्हा तुम्ही चाळिशीत होतात. सांचावर कापड विणणारे हात एका प्लंबरच्या हाताखाली लागले आणि वर्षभरात परळ ते चिंचपोकळी या पट्ट्यात ‘मोरीवाले मिस्त्री’ म्हणून तुमची ओळख झाली. तुम्ही घरी आलात की आई चुलीवरचं गरम पाणी आधी तुमच्या हातांवर ओतायची आणि मग चहा. मी तिकडे बघायची नाही. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून मी ‘गिरणी कामगार’ लिहीत राहिले, गिरणीच्या चिमणीतून धूर निघायचा थांबला तरी. तुम्हाला हे ठाऊक होतं, तरी त्या फॉर्मवर तुम्ही सही करत राहिलात. माझ्या लग्नात मात्र सगळ्या पाहुण्यांसमोर तुम्ही पितळेची, बारीक भोकांची, जाड काठाची मोरीची जाळी कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवलीत. आत्या अजून त्यावरून मला चिडवते. त्या दिवशी मला धरणी दुभंगावी असं झालं होतं.

तुम्ही मला एकदाच रागावलात. मी पाचवीत असेन. तेव्हा मोऱ्या खोल्यांत नव्हत्या, मजल्याच्या टोकाला सगळ्यांची मिळून एक होती, आणि ती तुंबली. बायका शेजारच्या काकूंवर तुटून पडल्या, कारण काकूंचे केस गुडघ्यापर्यंत आणि त्या तिथेच विंचरायच्या. मोठ्यांच्या भांडणात मीही तारस्वरात ‘काकूंचेच केस, काकूंचेच केस’ करत होते. तुम्ही आलात, जाळी काढली, कोपरापर्यंत हात घातलात आणि बाहेर काढला दुधीच्या भाजीचा गोळा. आठवडाभर मी ताटातला दुधी जाळी उचलून आत ढकलत होते. माझं दुधीशी वैर तुम्हाला ठाऊक होतं. भाजी कागदात गुंडाळलीत, घरात आलात, दार लोटलंत आणि म्हणालात, “आधी जाळी उघड, मगे तोंड.” मी रडायला लागले. तुम्ही हात धूत होतात, वळलासुद्धा नाहीत. “आता रडा नको. काकूक जावन सांग. मी येवचंय नाय.” मी एकटी गेले आणि सांगितलं. काकू आधी खूप हसल्या, मग त्यांनी मला जवळ घेतलं. बाहेर आले तेव्हा हलकं वाटत होतं.

आता मागच्या वर्षीचं. आई गेल्यावर आम्ही दोघं नवराबायको तुमच्या खोलीत राहायला आलो, आणि माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, दोन वर्षांत मी चाळ कमिटीची सेक्रेटरी झाले. तिथे मी पहिला हट्ट धरला तो गणपतीचा. प्लास्टरची मूर्ती बंद, प्रत्येक घरात शाडूची आणि विसर्जन घरच्या घरी बादलीत. पहिल्या वर्षी चार घरांनी ऐकलं. मागच्या वर्षी जवळजवळ सगळ्या चाळीने ऐकलं, आणि मी तोऱ्यात होते, खोटं कशाला बोलू. ते पाणी झाडांना घाला, असंही मी फळ्यावर लिहिलं होतं. पण आपल्या चाळीत झाडं कुठली? गॅलरीत तुळशीच्या चार कुंड्या. शाडू काही साखरेसारखी विरघळत नाही. तीन दिवस बादली अडून राहते, आणि घरात बादल्या दोनच. ते पाणी रस्त्यावर ओतायचं नाही, कुणी ओलांडेल. मग काय करायचं, तर मोरी आधी घासून लख्ख करायची, तिला हळदकुंकू वाहायचं, हात जोडायचे आणि बादली तिथेच रिती करायची, वर दोन बादल्या साधं पाणी. चाळीतल्या प्रत्येकीने हे अगदी भक्तिभावाने केलं. मीही केलं.

पंधरा दिवसांत तळमजल्याची मोरी उलटी भरायला लागली. तिथे राहतात त्या खानावळवाल्या वहिनी. नवरा गेल्यापासून त्या त्याच खोलीत रांधतात. दुपारी समोरच्या टॉवरमधली ऑफिसची माणसं येऊन बांगड्याची कढी आणि भाकरी खाऊन जातात. त्यावरच त्यांनी मुलीला नर्सिंगपर्यंत शिकवलं. आता भाकरी थापता थापता मागून काळं पाणी वर यायचं आणि त्या पोतं टाकून ते अडवत बसायच्या. आम्ही काय काय केलं ते ऐकून तुम्ही कपाळावर हात मारला असता. आधी उकळतं पाणी. मग कुणाच्या तरी मोबाइलवर बघून खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर, त्याने फेस मस्त आला, एवढंच. मग कॉस्टिक सोडा. त्याने पाइपातलं तेल साबणासारखं घट्ट होऊन आणखी चिकटलं. एकाने अ‍ॅसिडही ओतलं. सांधे खातं म्हणून तुम्ही ते कधी कुणाला ओतू दिलं नव्हतंत. मग स्प्रिंगवाला आला, तार घालून भोक पाडून गेला. आठ दिवस पाणी गेलं, नवव्या दिवशी पुन्हा वर. दिवाळीपर्यंत हे चार वेळा झालं.

आणि चार वेळा सगळ्यांनी एकच कारण सांगितलं, तेल. खानावळीचं तेल, माशांची खवलं. दिसायलाही सोपं होतं, तुंबत होतं वहिनींच्या मोरीत, मग घाणही त्यांचीच. तुम्ही शंभरदा सांगितलं होतंत, “पाणी तुंबता खय ता सगळ्यांका दिसता. अडता खय ता बघूक व्हया.” चार मजल्यांचं पाणी एका पाइपाने खाली येतं, वळणावर अडलं की सगळ्यात खालच्या मोरीतून वर येणार, यात त्या बाईचा काय दोष? हे मला कळायला हवं होतं, मी तुमची मुलगी. पण कमिटीने ठरवलं आणि मी माझ्या वळणदार अक्षरात नोटीस लिहिली, की महिन्याअखेरीस खोलीतला स्वयंपाकाचा व्यवसाय बंद करावा. सही माझी. नोटीस द्यायला गेले तेव्हा वहिनी कोलंबी सोलत होत्या. हात न पुसताच त्यांनी कागद वाचला. कागदावर ओला अंगठा उमटला.

“पंधरा वर्सां मी हयच रांधतंय, ताई,” त्या म्हणाल्या. “मगे आताच कशी गो तुंबाक लागली?”

मी म्हटलं, “कमिटीचा निर्णय आहे.”

जिना चढताना तो प्रश्न माझ्या मागोमाग वर आला. आताच कशी? तुम्ही कुठल्याही घरात गेलात की आधी हेच विचारायचात, इतके दिवस चाललं होतं ना, मग मधे काय बदललं? मी स्वतःच्या हिमतीवर एक जुना प्लंबर बोलावला आणि त्याला सांगितलं, तार घालू नका, वळणावरचं झाकण खोला. गंजलेले स्क्रू निघायला तास गेला. झाकण निघालं आणि आत राखाडी, गुळगुळीत, घट्ट थर. वर तेलाचा पातळ पापुद्रा, खाली सगळा तोच गिलावा. त्याने चिमटीत घेऊन चोळून बघितलं.

“ताई, हे तेल नाय हाय. ही माती. शाडू. मी लालबागला कारखान्यात काम केलंय, मला म्हाइत हाय ना.”

तीन घमेली निघाली, बाबा. तिसऱ्या घमेल्यात हळदीचा पिवळा डाग होता. मी तिथेच ओट्यावर बसले.

रविवारी सभा झाली. वहिनींनी तोवर मोठा टोप जावेला देऊन टाकला होता आणि गिऱ्हाइकांना फोन करून ‘सोमवारपासून नका येऊ’ म्हणून सांगितलं होतं. त्या मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी उठले. म्हटलं, “आज सकाळी झाकण उघडलं. आत तेल नाही, शाडू आहे. ही कल्पना माझी, फळ्यावर लिहिलं मी, माझ्या मोरीतूनही तीच माती गेली आहे. नोटीस मी मागे घेते.”  मग तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा ओरडले, “म्हणजे आम्ही बाप्पाला गटारात घातलं?” आणि कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, “गप बसा ओ, आपण हात जोडून घातला.” हसू फुटलं, ताण गेला. कुणीतरी विचारलं की तुम्हाला पाइपातलं एवढं कसं कळतं, आणि मी म्हटलं, “माझे वडील मोरीचे मिस्त्री होते.” चारचौघांत मी हे पहिल्यांदा म्हटलं. आवाज जरा चढलाच माझा.

यंदा आम्ही अंगणात एक मोठा पिंप ठेवला, नवा, फुलांनी सजवलेला. सगळ्यांचे गणपती त्यातच. पाणी निवळलं की वरचं पाणी तुळशींना आणि रस्त्यापलीकडच्या झाडांना, आणि खालची माती गोणीत भरून लालबागच्या मूर्तिकाराकडे. तो म्हणाला, द्या की, वाळवून-कुटून पुढच्या मूर्तीला घेतो. वहिनीही आता तवा धुण्याआधी कागदाने पुसतात आणि उरलेलं तेल डब्यात साठवतात. त्यांचं म्हणणं, थोडं तेल तर माझंही होतंच. वळणावरच्या झाकणाला नवे पितळी स्क्रू आहेत आणि दर तीन महिन्यांनी ते मी स्वतः उभी राहून उघडून घेते. जावेकडचा टोपही परत आला. दुपारी एक वाजता जिन्यापर्यंत कढीचा वास येतो, आणि तो मला आवडतो.

परवा चाळीत नवीन बिऱ्हाड आलं. वहिनींनी त्या बिऱ्हाडातल्या मुलीला माझी ओळख करून दिली. “ह्या ताई. ह्यांका कळला आणि ह्यांनी लगेच सभेत सांगितल्यानी, म्हणान माझी चूल रवली.” माझा हात त्यांनी धरून ठेवला होता.

लगेच नाही, बाबा. झाकण गुरुवारी दुपारी उघडलं. मी प्लंबरला म्हटलं, सध्या कुणाला बोलू नका, आणि ती तीन घमेली गोणीत भरून जिन्याखाली लपवली. शुक्रवारी मी मनात हिशेब मांडत होते, खानावळ बंद होईल, लाइन तर साफ झालीच आहे, कुणाला कशाला कळायला हवं. शनिवारी सकाळी गॅलरीतून मी त्यांना तो मोठा टोप चिंच लावून घासताना बघितलं. त्या तो जावेला देण्यासाठी घासत होत्या, हे मला माहीत होतं. मी बघत उभी राहिले आणि मग आत जाऊन दार लावलं. ‘आज सकाळी’ हे मी सभेत खोटं बोलले. ‘लगेच’ सांगितल्याबद्दल वर्षभर त्या माझे आभार मानताहेत आणि मी ते घेते आहे.

हा कागद तुमच्या नावाने लिहायला घेतला, पण लिहिता लिहिता कळतंय की हे ऐकायचा हक्क ज्यांचा आहे त्या तीन जिने खाली आहेत. साडेतीन वाजलेत. गिऱ्हाइकं जेवून गेली असतील, वहिनी एकट्या भांडी विसळत असतील. कागद इथेच टेबलावर ठेवते आणि खाली जाते. भीती वाटते आहे, बाबा.