हातावरची गोळी

इंद्रपुरी, भोपाळ
१२ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन फ्रिजवर ठेवून, मला न सांगता तुम्ही नागपूरला आत्याकडे निघून गेलात. आत्याच्या फोनवरही बोलायला येत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

आधी माझं ऐकून घ्या. आई गेल्यापासून तुम्हाला झोपेच्या गोळीची सवय लागली होती. डॉक्टरांनी ती हळूहळू कमी करत बंद करायला लावली. ती बंद झाली तशी मी, तुम्हाला न सांगता, रोज जेवणानंतर तिच्या जागी तुमच्या हातावर साधी कॅल्शियमची गोळी ठेवत गेले, आणि तुम्ही शांत झोपत होतात. यालाच आमच्या औषधशास्त्रात प्लासिबो म्हणतात. नव्या औषधाची चाचणी घेताना काही रुग्णांना औषध देतात, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही ठाऊक नसतं आणि डॉक्टरलाही. दोन्ही गटांत जो फरक पडेल तो औषधाचा खरा गुण. एम. पी. नगरच्या क्लासमधल्या मुलांना हे पुस्तकातून कळेना, म्हणून मी घरचं उदाहरण दिलं. तुमचं नाव घेतलं नव्हतं. तो तास क्लासच्या चॅनेलवर जाणार हे ठाऊक होतं, पण तुम्ही माझे तास बागेत मित्रांना दाखवता हे मला कुठे माहीत? चूक झाली. रागावू नका.

मफलर इथेच राहिला आहे. तिकडे थंडी असेल, जपा. आत्याला नमस्कार. माया पातळ करू नका.

तुमची,
केतकी


नागपूर
१८ जानेवारी

चि. केतकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दादाने वाचलं, घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवलं आणि पोरगी शिकवते चांगलं, एवढंच म्हणाला. मग मीही वाचलं. अगं, तू माफी मागायला बसली होतीस की तास घ्यायला? प्लासिबो पोटभर आणि माफी चमचाभर! माझ्यासारखीलाही सगळं समजलं, म्हणजे शिकवण्यात तुझा हात कुणी धरणार नाही. पण बापाला शिकवायची ही वेळ नव्हती.

त्याला झोप नाही. ती गोळी झोपेची नव्हती हे कळल्यापासून नुसता कूस बदलत असतो. बागेत काय झालं ते तरी तुला ठाऊक आहे का? तुझा तास बागेत पाहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या तिवारीजींनी चारचौघांत त्याच्यापुढे पेपरमिंट धरली आणि म्हणाले, की लीजिए नरहरजी, आज की नींद. सगळे हसले. कारखान्यात ज्याच्या सहीशिवाय एक नग बाहेर पडत नव्हता, त्याची ही गत. त्याच दिवशी गाडी पकडून माझ्याकडे आला.

तरी मला वाटतं, त्याला पेपरमिंट लागलेली नाही. दुसरंच काहीतरी लागलं आहे. ते काय, हे तुला ठाऊक असणार. तेवढं लिही. सोबत तिळाच्या वड्या पाठवते आहे, संक्रांत होऊन गेली तरी गोड बोलायला हरकत नाही.

माझा जीव तुझ्यावर आहेच, रागासकट.

तुझी,
नलिनीआत्या


इंद्रपुरी, भोपाळ
२४ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आत्याने बरोबर ओळखलं. मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिलीच नाही. मी तुमची नक्कल केली. सकाळी चहा घेताना चष्मा कपाळावर सरकवून, आज गोळी छान लागली हो, असं तुम्ही म्हणता ना, ते मी हिंदीत, तुमच्यासारखी मान हलवून करून दाखवलं. मुलं खो खो हसली. त्यांच्या हसण्याने मला बरं वाटलं, हे लिहिताना मान वर होत नाही. गोळी मी काळजीपोटी दिली, पण गोष्ट टाळ्यांसाठी सांगितली.

काल चाचणीतल्या संमतीचा धडा होता. माणसावर प्रयोग करायचा तर आधी त्याला सगळं समजावून सांगायचं, औषधाऐवजी साधी गोळी मिळू शकते हेही सांगायचं, आणि तो हो म्हणाला तरच पुढे जायचं. मी हे लिहून देत होते. तेवढ्यात मृणाल नावाची मुलगी उभी राहिली आणि तिने विचारलं, की मॅम, आपके घर वाले पेशंट से पूछा था क्या? मी पाठ फिरवून पुसलेलाच फळा पुन्हा पुसत राहिले.

तो तास चॅनेलवरून काढायला लावला. क्लासचे गोविंद सर कुरकुरले, सगळ्यांत जास्त पाहिला जाणारा तास आहे म्हणाले. मी उद्यापासून येणार नाही म्हटल्यावर काढला.

बाबा, आता कारणं देत नाही. मी चुकले. मुलांना या गोष्टीची खरी बाजू सांगावी असं वाटतं, पण या वेळी आधी विचारते. सांगू का? नाही म्हणालात तर नाही सांगणार. घरी कधी येणार, हे विचारायचं धाडस मात्र होत नाही.

जमेल तेव्हा, जमेल तेवढा लोभ करा.

तुमची,
केतकी


नागपूर
३१ जानेवारी

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

नलूलाही सांगितलं नाही ते तुला सांगतो. तुझे तास मी बागेत रोज लावतो, मिरवतो म्हण हवं तर. त्या दिवशी तू त्या म्हाताऱ्याची नक्कल केलीस, तेव्हा बाकावर सगळ्यांत आधी मी हसलो. किती भोळा माणूस आहे बघा, असं तिवारीजींना म्हणालोही. मग तुझा हात चष्मा सरकवल्यासारखा कपाळावर गेला आणि मला कळलं. बाकीच्यांना ते माझ्या चेहऱ्यावरून कळलं.

कारखान्यात माप घेतल्याशिवाय मी कधी एक नग पास केला नाही. तुझ्या हातून आलेली गोळी मात्र न बघता गिळत गेलो. तपासावी हे मनातच आलं नाही. तू हसवलंस ते नेमकं यावर, आणि आपण मुलीवर विश्वास टाकला याचीच मला लाज वाटायला लागली. ती मला सहन झाली नाही, म्हणून निघून आलो. तू विचारलं असतंस तर मी हो म्हणालो असतो गं.

वर्गात जरूर सांग. मी रुसून पळालो तेही सांग. नक्कल मात्र करू नकोस, तुला जमत नाही. माझा आवाज इतका किनरा नाही.

रविवारच्या गाडीने येतो. त्याच गोळ्या आणून ठेव. त्यांत झोपेचं काही नाही हे मला आता ठाऊक आहे, तरी तुझ्या हातून घेतल्याशिवाय डोळा लागत नाही. याला तुमच्या शास्त्रात काय म्हणतात ते तू शोध. फक्त यापुढे हातावर ठेवताना आधी नाव सांगत जा.

माया आहे तिथेच आहे. त्या मृणालला उत्तर तेवढं दे. पेशंटला विचारलं, उशिरा विचारलं, आणि तो हो म्हणाला.

तुझा,
बाबा