तीस सेकंदांत बाहेर

४ नोव्हेंबर, सोमवार
पिंप भरून झालं होतं, दूध उतू जाता जाता वाचलं, आणि मी ह्यांच्या डब्यात वालाची उसळ भरत होते. मग कपडे दांडीवर टाकले, चपात्यांवर ताट झाकलं. हे निघाले. म्हणजे कामाला. संध्याकाळी ह्यांच्या कामाच्या ठिकाणाहून, प्रसूतिगृहातून फोन आला. त्या सकाळी वेगळं काय होतं हे मी तीन वर्षं तपासतेय. काहीच नव्हतं. आजपासून तपासणं बंद. तसा संकल्पच आहे.

आता कामाचं. आमच्या घाटकोपरच्या प्रसूतिगृहाच्या तळघरात, माझ्या रेकॉर्ड रूममध्ये, आग विझवायची गॅसची यंत्रणा बसतेय. पाणी मारलं तर जन्माची रजिस्टरं भिजतील, म्हणून गॅस. त्यातली बावीस वर्षांची रजिस्टरं ह्यांच्या अक्षरात आहेत. ह्यांच्या जागी मला घेतलं, तेव्हा ती मीच सांभाळायची.

६ नोव्हेंबर, बुधवार
चार लाल सिलिंडर आले. माणसाएवढे उंच. भिंतीला पट्ट्यांनी बांधून उभे केलेत. मी काम करते तेव्हा ते मागे उभे असतात.

बसवणारा हर्षद. गोवंडीचा, पोट सुटलेला, तोंडाचा पट्टा कायम चालू. सांगत होता, धूर लागला की हूटर वाजणार, तीस सेकंदांनी गॅस सुटणार. मी विचारलं, आतल्या माणसाचं काय? म्हणाला, माणूस तोवर बाहेर ना काकू, तीस सेकंद लय झाले. मी पुस्तिका मागितली. इंग्लिशमध्ये आहे म्हणाला. मी सांगितलं, शाळा सातवीत सुटली तरी डिक्शनरी घेऊन मी कपाटभर पुस्तकं वाचलीत.

दोन पानं वाचली. सगळं समजलं. बाकीची समजल्यात जमा.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
शर्मिष्ठा मॅडमनी ऑफिसात बोलावलं. इथला सगळा कारभार त्याच बघतात. महिनाअखेर तपासणी आहे. त्यात मी वेळेत बाहेर पडले आणि सगळं पास झालं, तर खाली बसायचं. नाहीतर खोलीला कुलूप आणि मी वर, केसपेपर लिहायला. म्हणाल्या, तुमच्यासाठीच सांगतेय. मी म्हटलं, मॅडम, पंधरा सेकंदांत येते.

कमल आया मोबाइलवर सेकंद मोजत दारात उभी राहिली. सत्तेचाळीस. चपला टेबलाखाली गेल्या होत्या. कमल म्हणाली, अगं, आगीत चपला कोण शोधतं? मी म्हटलं, नवीन आहेत.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
एकोणचाळीस. येताना पंखा बंद केला. मग ट्यूबही केली. कमल म्हणे, खोली पेटलीय आणि तू बिल वाचव. सवय असते माणसाला. उद्यापासून पंखा लावायचाच नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
छताला पाइप, पाइपला गॅस सुटायची नोझल. एक बरोबर माझ्या डोक्यावर. टेबल दाराकडे दोन हात ओढलं. तेहतीस. कमलचा मोबाइल पुढे धावतो. मी मनात मोजलं तर अठ्ठावीसच भरले.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
गॅस आत कोंडून राहिला तरच आग मरते. म्हणून हर्षदने दारात मोठा पंखा बसवला, हवा ओढली आणि खोली कुठे गळते ते शोधलं. भिंतीतली सगळी भोकं लाल लेपाने बुजवली. एका भोकातून वरच्या वॉर्डातली बाळं रडताना ऐकू यायची. तेही गेलं. दाराला रबर आणि ते आपोआप मिटवणारा हात. मिटलं की कानाला दडे बसतात.

हर्षद म्हणाला, झकास काम झालंय, आता आतून बोंबललं तरी बाहेर कळणार नाही. मग त्याने जीभ चावली. त्याला ह्यांचं कोणीतरी सांगितलं असणार. म्हणाला, चला काकू, चहा घेऊ.

हे ह्याच खोलीत गेले. जेवणाच्या सुट्टीत छातीत कळ आली, साडेचारला सापडले. तोवर खाली कोणी उतरलंच नाही. इथे बसायचा मला काही त्रास होत नाही. उलट बरं वाटतं. कमलला पटत नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
एकोणतीस! लागोपाठ दोनदा. कमलला भजी खाऊ घातली. खाता खाता म्हणाली, तू बाहेर आलीस की रोज आत का गं बघतेस? बघत असेन. खोलीतून निघताना कोण बघत नाही?

२५ नोव्हेंबर, सोमवार
हूटर पहिल्यांदा वाजवला. कानात नाही, छातीत वाजतो. घरी भाजी चिरतानाही वाजत होता. अर्धी चिरली, अर्धी राहिली. मी घाबरलेले नाही. गुरुवारच्या तपासणीत सगळं सुरळीत होणार.

३० नोव्हेंबर, शनिवार
गुरुवारी तपासणी झाली. दोन साहेब, मॅडम, कमल. सिलिंडरची जोडणी काढली होती, गॅस सुटणार नव्हताच. हर्षदने डिटेक्टरखाली धूर सोडला. हूटर वाजला. मी उठले आणि निघाले. दुखऱ्या गुडघ्यानेसुद्धा त्रास दिला नाही. सव्वीस सेकंद. कमलने टाळ्या वाजवल्या.

मग मी दार धरून ठेवलं. दोन्ही हातांनी. हर्षद म्हणाला, काकू सोडा, मिटू द्या. ऐकू येत होतं मला. तो परत म्हणाला, काकू, गॅस बाहेर येईल ना. तेही ऐकू आलं. तीस सेकंद संपले, दार उघडंच. एका साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

कमल सांगते, मी आत तोंड करून म्हणत होते, या हो लवकर, किती तो वेळ. आत कोणी नव्हतं. मॅडमनी माझी बोटं एकेक करून सोडवली आणि दार मिटलं.

दार का धरलं त्याचं कारण लिहायला म्हणून परवा ही वही उघडली. ती अजून तशीच उघडी आहे.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी मी तळघराची चावी मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि वर जाऊन केसपेपर लिहायला बसले.